घरची ज्वारी, घरचे पदार्थ
रोजच्या जेवणासाठी आणि पंगतीसाठी काही मोजूनमापून दिलेल्या पाककृती

रब्बीची मळणी आटोपली की ज्वारीची पोती घरात येतात. पूर्वी त्यांतील वर्षाच्या खाण्यापुरती ज्वारी कणगीत भरून, कडूनिंबाचा पाला घालून, वरून शेणमातीने लिंपून ठेवीत आणि उरलेली बाजारात नेत. आज पुष्कळ घरी हा क्रम उलटला आहे. ज्वारी आधी बाजारात जाते, तिच्या पैशांतून गहू येतो, आणि ज्या शेतकऱ्याच्या रानात मालदांडीचे पीक उभे असते त्याच्याच ताटात भाकरी आठवड्यातून एकदोनदा दिसते. काही घरी ती केवळ वडीलधाऱ्या माणसांसाठी, अथवा वैद्याने सांगितले म्हणून होते.

जे धान्य घरात खाल्ले जात नाही ते केवळ बाजारभावावर उभे असते. भाव पडला की पेरा घटतो, पेरा घटला की कडबा कमी होतो, आणि कडबा नसला की गोठ्यातील जनावर विकण्याची पाळी येते. ज्वारीचा प्रश्न हा म्हणून जितका शेताचा तितकाच चुलीचाही आहे. शेतीच्या सुधारित पद्धतींविषयी पुष्कळ लिहिले जाते; चुलीकडील बाजूचा विचार त्या मानाने थोडा होतो. प्रस्तुत लेखात तो करण्याचा प्रयत्न आहे.

ज्वारी ताटातून का गेली?

ह्याची कारणे एकाहून अधिक आहेत. स्वस्त धान्य दुकानांतून गहू व तांदूळ सुलभतेने मिळू लागले. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीवर लोकांना दिवस काढावे लागले, आणि त्या आठवणीने भरडधान्य म्हणजे हलाखीचे अन्न हा समज अधिकच पक्का झाला. पाहुण्याला पोळी वाढावी, भाकरी घरच्यांनी खावी, असा शिष्टाचार रूढ झाला.

परंतु एक कारण असे आहे की ज्याचा उच्चार फारसा होत नाही, आणि ते म्हणजे भाकरी करणाऱ्या स्त्रीचे श्रम. गव्हाच्या पिठात चिकटपणा देणारा जो घटक असतो तो ज्वारी-बाजरीत नसतो. गव्हाची कणीक मळून तासभर ठेवता येते, पोळ्या आधी लाटून ठेवता येतात. भाकरीचे तसे नाही. एकेका भाकरीपुरते पीठ मळावे, थापावे, भाजावे आणि आरावर फुगवून लगेच वाढावे लागते. करणारी शेवटी जेवते, तेही बहुधा थंड. भाकरीचे गुणगान करणाऱ्यांनी हे श्रम विचारात घेतले नाहीत, तर त्यांच्या उपदेशाचा घरात काहीही उपयोग होणार नाही.

दुसरी अडचण शिकण्याची आहे. नवी सून विचारते, "आत्याबाई, पाणी किती घालू?" उत्तर मिळते, "हाताला कळतं गं, अंदाजानं घाल." सांगणारीच्या हाताला चाळीस वर्षांचा सराव असतो, ऐकणारीची भाकरी तव्यावर मोडते. दोनदा मोडली की ती पोळीकडे वळते. अंदाज दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, माप मात्र देता येते. ह्यासाठी पुढील सर्व पाककृती मापासह दिल्या आहेत. वाटी म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर पाणी मावेल अशी आमटीची वाटी समजावी. वाटी लहानमोठी असली तरी चालेल. एका पदार्थासाठी एकच वाटी वापरावी म्हणजे प्रमाण चुकणार नाही.

रोजच्या जेवणातील पदार्थ

न मोडणारी भाकरी : पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, म्हणजे ते एकजीव होत नाही आणि भाकरीला चिरा पडतात. म्हणून एका वेळी आठवड्यापुरतेच पीठ दळून आणावे. बाजरीच्या बाबतीत तर हे अवश्य पाळावे. तिच्यात स्निग्धांश अधिक असल्याने पीठ लवकर कडवट होते. नवशिक्या हातांनी उकडीची भाकरी करावी. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून उकळावे, त्यात एक वाटी ज्वारीचे पीठ घालून उलथण्याच्या दांड्याने ढवळावे आणि भांडे उतरवून दहा मिनिटे झाकून ठेवावे. नंतर परातीत घेऊन, हाताला पाणी लावून, तळहाताच्या टाचेने चांगले मळावे. अशा उकडीची भाकरी थापता येते, तशीच पिठीवर लाटताही येते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूस पाणी फिरवावे, ते सुकत आले की उलटावी, आणि दुसरी बाजू भाजून झाल्यावर पहिली बाजू आचेवर धरावी. उकड काही वेळ झाकून ठेवता येत असल्याने सर्वांच्या भाकरी एका बैठकीत होतात.

ज्वारीच्या कण्या : भाकरीचा खटाटोप न करता ज्वारी खाण्याचा हा जुना आणि सोपा मार्ग होय. ज्वारी जात्यावर अथवा गिरणीत जाडसर भरडून घ्यावी, चाळून पीठ वेगळे काढावे. चाळणीवर राहतात त्या कण्या. एक वाटी कण्या दोन तास भिजवाव्यात. चार वाट्या पाण्याला आधण आणून त्यात भिजवलेल्या कण्या व मीठ घालावे आणि मंद आचेवर, मधून मधून ढवळीत, कणी बोटाने दाबली असता मऊ लागेपर्यंत शिजवाव्यात. दाट झाल्यास आणखी गरम पाणी घालावे. कोमट झाल्यावर ताक कालवून, वर जिरे-लसणाची फोडणी देऊन खाव्यात. चार माणसांच्या न्याहारीस हे प्रमाण पुरते. लहान मुलांना व दात नसलेल्या वृद्धांना कण्या अधिक मऊ शिजवून दूध-गुळाबरोबर द्याव्यात.

आंबील : अर्धी वाटी ज्वारीचे अथवा नाचणीचे पीठ एक वाटी ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी चार वाट्या पाणी उकळून, त्यात हे मिश्रण बारीक धारेने ओतीत एकसारखे ढवळावे म्हणजे गुठळ्या होत नाहीत. आठ-दहा मिनिटे शिजवून उतरवावे. ठेचलेला लसूण, जिरेपूड व मीठ घालावे, आणि निवल्यावर हवे तितके ताक घालून पातळ करावे. उन्हाळ्यात शेतावर काम करणाऱ्यांस हे पेय उत्तम. आंबट पदार्थ असल्याने आंबील कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात कधीही ठेवू नये. मातीचे वा स्टेनलेस स्टीलचे भांडे घ्यावे.

थालीपिठाची भाजणी : ज्वारी १ किलो, बाजरी अर्धा किलो, तांदूळ २५० ग्रॅम, हरभऱ्याची डाळ २५० ग्रॅम, अख्खे उडीद २५० ग्रॅम, धने १०० ग्रॅम आणि जिरे २५ ग्रॅम घ्यावे. प्रत्येक जिन्नस स्वतंत्रपणे, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजावा. सर्व एकत्र भाजल्यास जिरे करपते आणि डाळ कच्ची राहते. पूर्ण निवल्यावर दळावे व कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. धान्य भाजलेले असल्याने ही भाजणी महिनाभर चांगली राहते. दोन वाट्या भाजणीत एक बारीक चिरलेला कांदा, मूठभर मेथी वा कोथिंबीर, तिखट, मीठ, हळद व ओवा घालून कोमट पाण्याने भिजवावे आणि तव्यावर थापून, मध्ये भोके पाडून तेल सोडावे. ह्या प्रमाणात चार मध्यम थालीपिठे होतात. शेतावरून उशिरा परतलेल्या स्त्रीस अर्ध्या तासात पूर्ण जेवण देणारा दुसरा पदार्थ क्वचितच असेल.

बाजरीचा खिचडा : एक वाटी बाजरीला पाण्याचा हात लावून दहा मिनिटे ठेवावे, उखळात हलके कांडावे व पाखडून कोंडा काढावा. अर्धी वाटी मुगाची डाळ, हळद, मीठ व पाच वाट्या पाणी घालून बाजरी मऊ होईपर्यंत शिजवावी. कुकरमध्ये शिजविल्यास वेळ व सरपण दोन्ही वाचतात. वरून लसूण-मिरचीची फोडणी व तूप घालावे. हा पदार्थ थंडीच्या दिवसांतला आहे. सोबत कढी असावी.

पंगतीसाठी काय करावे?

पंगतीतून भरडधान्य नाहीसे झाले ह्याचे कारण साध्या हिशेबाने कळते. पन्नास माणसांना प्रत्येकी दोन भाकरी धरल्या तर शंभर भाकरी होतात. एक भाकरी थापून, भाजून काढण्यास तीन मिनिटे धरली तरी एका तव्यावर पाच तास लागतात, आणि शेवटची भाकरी होईपर्यंत पहिली वातड होते. पुरी आणि भात ह्यांनी पंगत जिंकली ती ह्या कारणाने. म्हणून पंगतीसाठी ज्वारीचे असे पदार्थ निवडावे की जे एकगठ्ठा आणि आधी करून ठेवता येतील. असे पदार्थ नव्याने शोधण्याची आवश्यकता नाही. ते आपल्याकडे पूर्वीपासून आहेत.

लातूर व धाराशिव ह्या जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे डिसेंबर अथवा जानेवारीत, वेळअमावास्या साजरी होते. लोक तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि रान माणसांनी फुलते. शेतात कडब्याची कोप उभारून तीत पांडवांची पूजा करतात, पिकावर आंबील शिंपडतात, आणि मग घरचे, शेजारी, शहरातून आलेले पाहुणे असे सर्व जण रानातच जेवायला बसतात. ज्याचे शेत नाही त्यालाही आग्रहाने बोलावतात. ज्वारी-बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील आणि खीर हे त्या जेवणातील मुख्य पदार्थ. ज्वारीच्या अन्नावर मोठी पंगत कशी उठवावी, ह्याचा पाठ ह्या सणाने घालून दिलेला आहे.

ज्वारीचे उंडे (५० माणसांसाठी) : ज्वारीचे पीठ ४ किलो, मीठ, १०० ग्रॅम जिरे व थोडा ओवा एकत्र करावे. सुमारे ४ लिटर पाणी उकळून ते थोडे थोडे पिठावर ओतीत पळीने कालवावे. पीठ जुने वा नवे असेल त्याप्रमाणे पाणी थोडे कमीअधिक लागते, म्हणून सर्व एकदम ओतू नये. सोसवेल इतके कोमट झाल्यावर चांगले मळून लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करावेत, अंगठ्याने मध्ये खळगा पाडावा म्हणजे आत वाफ नीट पोचते. मोठ्या पातेल्यात पाण्यावर चाळणी ठेवून १५ ते २० मिनिटे वाफवावेत. माणशी तीन उंडे पडतात. दोन-तीन तास आधी करून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले तरी ते मऊ राहतात.

भज्जी (१० माणसांसाठी) : पावटे, तुरीचे ओले दाणे, वाटाणे व ओला हरभरा मिळून ४ वाट्या आणि भिजविलेले शेंगदाणे १ वाटी पाण्यात मऊ शिजवावे. तेलात १५ ते २० लसूणपाकळ्या व ८ ते १० हिरव्या मिरच्या ह्यांचे वाटण परतून, त्यात एक जुडी चिरलेली मेथी व एक जुडी कांद्याची पात घालावी आणि शिजलेले दाणे पाण्यासह टाकावेत. एक वाटी बेसन सहा वाट्या आंबट ताकात गुठळ्या न ठेवता कालवून, हळद घालून, वरून ओतावे व उकळी फुटेपर्यंत सतत ढवळावे. ढवळणे थांबले तर ताक फुटते. मीठ अखेरीस घालावे. पुढे दहा-पंधरा मिनिटे मंद आचेवर शिजू द्यावे.

प्रमाण वाढविताना घ्यावयाची दक्षता : दहा माणसांची पाककृती पन्नासांसाठी करताना सर्वच जिन्नस पाचपट करू नयेत. मोठ्या भांड्यात त्या मानाने वाफ कमी उडते, म्हणून दाणे व पीठ पाचपट घेतले तरी पाणी आरंभी चौपटच घ्यावे आणि लागेल तसे वाढवावे. तिखट व मीठ साडेतीन पटीपासून सुरू करून चव पाहून घालावे. कमी पडले तर घालता येते, अधिक झालेले काढता येत नाही.

ज्यांना भाकरीच हवी असेल त्यांनी सोलापूरकडील कडक भाकरीचा उपयोग करावा. पातळ थापलेली, तीळ लावलेली ही भाकरी मंद आचेवर पूर्ण कोरडी होईपर्यंत शेकतात. दमट हवा लागू न दिल्यास ती अनेक दिवस टिकते. कार्याच्या आठ दिवस आधी चार घरी थोड्या थोड्या करून ठेवल्या, तर ऐन वेळी कोणावरच भार पडत नाही.

लहान मेळाव्यासाठी हुरड्यासारखी मेजवानी नाही. दुधाळ दाणा भरून तो किंचित घट्ट होऊ लागला म्हणजे कणसे काढावीत, गोवऱ्यांच्या आगटीत भाजावीत आणि गरम असतानाच हातावर चोळावीत. सोबत शेंगदाण्याची व जवसाची चटणी, दही आणि गूळ असावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' व 'फुले मधुर' हे वाण दिले आहेत. घरच्या पंगतीपुरते दोन गुंठे रान जरी ह्यांपैकी एखाद्या वाणाखाली ठेवले, तरी मुलाबाळांना हिवाळाभर हुरडा मिळेल.

आहारदृष्ट्या लाभ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. सडलेल्या पांढऱ्या तांदळात लोह अत्यल्प असते. बाजरीत ते १०० ग्रॅममागे सुमारे ६ मिलिग्रॅम असते. नाचणीत कॅल्शियम १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम, म्हणजे गहू वा तांदूळ ह्यांच्या कित्येक पट असते. लोहाचे प्रमाण वाढविलेले वाणही आता उपलब्ध आहेत : बाजरीत २०१२ पासून 'धनशक्ती', आणि ज्वारीत २०१८ पासून 'परभणी शक्ती'.

मात्र धान्यातील लोह शरीरास सहजी मिळत नाही. भिजविणे, मोड आणणे व आंबविणे ह्या क्रियांनी ते अधिक सुलभ होते. आंबील करण्याची जुनी रीत ह्या दृष्टीनेही योग्य ठरते. जेवणात लिंबाची फोड, आवळा किंवा कोथिंबीर असावी, आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये. भाजणीत डाळी घालण्यामागेही असेच कारण आहे. तृणधान्यात जे प्रथिनांश अपुरे असतात ते डाळीत असतात, आणि डाळीतील उणीव धान्य भरून काढते. ज्यांना रक्तक्षयाचा वा मधुमेहाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांचे औषध चालू ठेवून त्याच्या जोडीने हा आहार घ्यावा. आहार हा औषधाचा बदला नव्हे.

देवाणघेवाण कशी करावी?

केंद्र शासनाने २०१८ मध्ये ज्वारी, बाजरी, नाचणी इत्यादींना पौष्टिक तृणधान्ये म्हणून अधिसूचित केले, आणि भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्या निमित्ताने ठिकठिकाणी पाककृती-स्पर्धा झाल्या. स्पर्धेत ज्वारीचा केक आणि नाचणीची बिस्किटे ह्यांना बक्षीस मिळणे स्वाभाविक आहे. परंतु धान्याची खपत स्पर्धेत होत नसून रोजच्या दोन वेळच्या जेवणात होते. साधा पदार्थ घरोघरी पोचणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते काम शेजारीण शेजारणीसाठी जितके चांगले करील तितके कोणतेही पत्रक करू शकणार नाही.

ह्यासाठी वेगळा खर्च वा वेगळी संस्था नको. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते आणि वाण लुटले जाते. प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी पाव किलो भाजणी वाण म्हणून द्यावी, आणि तिच्यासोबत तिचे प्रमाण कागदावर लिहून द्यावे. ह्या प्रसंगी विधवा भगिनींसही बोलवावे. गावातील उत्तम भाकरी आणि उत्तम आंबील पुष्कळदा त्यांच्याच हातची असते, आणि त्यांना वगळले तर ते ज्ञानही वगळले जाते.

बचत गटाच्या मासिक सभेत एक वही ठेवावी. प्रत्येक सभेला एका भगिनीने एक पदार्थ प्रत्यक्ष करून दाखवावा आणि दुसरीने तो मोजून लिहावा. वाटीने पीठ मोजावे, उरलेले पाणी मोजावे, घड्याळ पाहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, मुलींनी लिहावे. कोणी सांगितले, कोणत्या धान्याचे, किती माणसांना पुरले, हे खाली नोंदवावे. वर्षाअखेर बारा पदार्थांची वही होईल. तिची किंमत छापील पुस्तकाहून अधिक, कारण तीतील प्रत्येक पदार्थ त्या गावच्या धान्याचा, त्या गावच्या पाण्यावर तपासलेला असेल.

आणि एक सूचना घरातील पुरुषमंडळींसाठी. ज्वारीचा पेरा करावा की सोयाबीनचा, हे आपण ठरवता; मग ज्वारी शिजविण्याचे सारे काम दुसऱ्यावर का असावे? धान्य निवडणे, भरडून आणणे, भाजणी भाजताना कढईपाशी उभे राहणे, उंड्यांचे पीठ मळणे ही कामे आपणही करू शकता. उकडीची भाकरी तर पंधरा दिवसांच्या सरावाने कोणालाही येते. घरी भाकरी हवी असेल तर ती करणाऱ्या हातांची संख्या वाढली पाहिजे.

ह्या हंगामात निदान एवढे करावे. मळणीनंतर बाजारात गाडी जाण्यापूर्वी घरच्या वर्षभराच्या खाण्याची ज्वारी मोजून वेगळी काढावी, तिच्यातील एक किलोची भाजणी करावी, आणि तिच्यातून एक वाटी, मापाच्या चिठ्ठीसह, शेजारच्या घरी द्यावी.